द्वारकेची गाडी

“आम्ही दोघं द्वारकेला चाललोय,” असं सांगितल्याबरोबर सासूबाईंनी हात जोडले. “गोमतीत स्नान करा, द्वारकाधीशाचं दर्शन घ्या आणि प्रसाद आणायला विसरू नका.” ही द्वारका समुद्रकाठची नाही, दिल्लीतली आहे, आणि आम्ही देवाला नाही तर जुनी गाडी बघायला चाललोय, हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “इतक्या लांब जाऊन जुनी गाडी? पुण्यात गाड्या संपल्या का?”

प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या थोरल्या दिरांचंही तेच म्हणणं होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, हिंजवडीत नोकरी करतो. तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून त्यानं सव्वाचार लाख जमवले होते. त्याला हवी होती फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ही गाडी दिसायला चारचौघींसारखी छोटी. पण १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडल्यामुळे १०५ अश्वशक्तीची आणि सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. २०१३ साली ती बाजारात आली. ती आपल्या चाकणच्याच कारखान्यात तयार होत असे. २०२२मध्ये पोलोचं उत्पादन भारतात बंद झालं. तेव्हा आता घ्यायची तर जुनीच घ्यावी लागते. पुण्यात तिचा भाव चार-साडेचार लाख सांगत होते. दिल्लीतल्या जाहिरातीत तशीच गाडी दोन लाख नव्वद हजारांना दिसली आणि पुतण्याची झोप उडाली. माझा भाऊ वीस वर्षं द्वारकेत राहतो. म्हणून दिरांनी त्याला एकाच अटीवर परवानगी दिली, “काकूला घेऊन जा.”

२०२५च्या नोव्हेंबरात आम्ही निघालो. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी वहीच्या दोन पानांवर काय काय बघायचं ते लिहून दिलं होतं. ती पानं मी पर्समध्ये जपून ठेवली होती.

सेक्टरांचं गाव

दिल्लीच्या विमानतळावरून मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन द्वारका सेक्टर २१. एकेकाळी या भागाला पप्पनकलां म्हणत. डीडीएनं, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं, इथं उपनगर आखलं आणि सरळसोट रुंद रस्ते काढून त्याचे सेक्टर पाडले. बहुतेक वस्ती सहकारी सोसायट्यांची. प्रत्येकीला उंच कुंपण, लोखंडी फाटक आणि वही घेऊन बसलेला पहारेकरी. २००५च्या अखेरीस मेट्रो आली आणि मग हे आडबाजूचं गाव दिल्लीला जोडलं गेलं. भाऊ सांगतो, तो राहायला आला तेव्हा रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. आता दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं आणि बोलणारा माणूस आपोआप थांबतो.

सेक्टर १२मध्ये सोसायट्यांच्या मधोमध लोदी काळातली एक पायऱ्यांची विहीर आहे, तिला बावली म्हणतात. संध्याकाळी भावानं ती दाखवली. चारी बाजूंना नव्या इमारती आणि मध्ये ही पाचशे वर्षांची म्हातारी. आम्ही ज्या कामाला आलो होतो तेही वयाशीच निगडित होतं. दिल्लीत गाड्या स्वस्त मिळतात त्यामागे वयाचंच कारण आहे.

दिल्लीत गाडी स्वस्त का?

दिल्लीच्या हवेपायी राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ आणि २०१५ साली आदेश दिले. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवू नयेत, असा त्यांचा आशय. ऑक्टोबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं. देशात इतरत्र पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीत मात्र तारीख उलटली की गाडी निकालात, मग ती कितीही ठणठणीत असो.

१ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत आवरता घेतला गेला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून मालकांवर कडक कारवाई करू नये असं सांगितलं. पुढे १७ डिसेंबरला हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं गेलं, बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना ते उरलं नाही. नियम असे वर-खाली होत राहतात. म्हणून वाचकहो, गाडी घ्यायच्या आठवड्यात नियम काय आहे ते एकदा विचारून घ्या आणि गाडी कोणत्या बीएसची आहे ते आरसी बुकात बघा.

या टांगत्या तलवारीमुळे दिल्लीकर मालक गाडी पंधरा वर्षांची होण्याआधीच विकायला काढतो. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ती स्वस्त वाटते. पण स्वस्ताईला भुलून आलेलं गिऱ्हाईक ओळखायला इथले दलाल फार हुशार असतात.

पहिली गाडी

ते ओळखायला वेळ लागला नाही, कारण आमच्या चिरंजीवांनी गाडी न बघताच फोनवरून दहा हजार रुपये टोकन पाठवून दिलं होतं. “काकू, नाहीतर दुसऱ्यानं नेली असती!” मी कपाळाला हात लावला.

दलालाचं दुकान मोठ्या रस्त्याला लागून होतं. गाडी लालभडक, आरशासारखी चमकणारी. मागं जाडजूड सायलेन्सर. सुरू केली की असा आवाज की शेजारच्या कुलचेवाल्यानं मान वर करून पाहिलं. पुतण्या खुलला. मी पर्समधून मिस्त्रींची पानं काढली.

पहिलीच ओळ होती: “इंजिन थंड असताना बघा. आधी बॉनेटवर हात ठेवा.” मी हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. बॉनेट तापलेलं होतं. आम्ही यायच्या आधी गाडी फिरवून आणली होती. इंजिन तापलं की पुष्कळ दुखणी झाकली जातात. थंड इंजिन सुरू करतानाची खडखड आणि पहिला धूर तापलेल्या इंजिनात दिसत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत जातंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय.

मीटरवर आकडा होता अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. पण स्टिअरिंगचं चामडं घासून गुळगुळीत झालं होतं, ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलं होतं आणि चालकाच्या सीटची कड बसली होती. बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूला मळकट स्टिकर दिसलं. ऑइल बदलणाऱ्यानं त्यावर पेनानं लिहून ठेवलं होतं, पुढची सर्व्हिस ब्याऐंशी हजारांवर. ते पुसायचं राहून गेलं होतं.

पानावरची पुढची ओळ: “सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा.” पुतण्यानं मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. सतरंजीचा कोपरा उचलला तर खाली सीटच्या रुळांना गंज आणि दमट वास. पावसाळ्यात दिल्लीत रस्त्याखालचे बोगदे तुंबतात आणि गाड्या पाण्यात अडकतात हे आपण बातम्यांत बघतोच. अशी गाडी धुऊन पुसून चकाचक होते, पण वायरींच्या जोडांत शिरलेलं पाणी वर्षभरानं आपला हिशोब मागतं.

दलालाला टोकन परत मागितलं. त्यानं गोड हसून सांगितलं, “बहनजी, टोकन वापस नहीं होता.” पुतण्या सेक्टरच्या रस्त्यावर गप्प उभा राहिला. दहा हजार म्हणजे त्याची जवळजवळ महिन्याभराची काटकसर. मी त्याला रागावले नाही. तीन लाखांचा धडा दहा हजारांत मिळाला, असं म्हटलं आणि आम्ही कुलचे खाल्ले.

मिस्त्रींची दोन पानं

त्या रात्री भावाच्या घरी बसून मी ती पानं पुन्हा वाचली. ज्यांच्या घरात असं वेगवान गाडीचं खूळ शिरलं आहे त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य सांगते.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी छोटी चक्की. ती जास्तीची हवा इंजिनात ढकलते, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. ही चक्की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिला आधार फक्त ऑइलचा. ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या किंवा गाडी सुसाट पळवून लगेच बंद करणाऱ्या मालकाची टर्बो लवकर जाते. ही सवय गाडी बघून कळत नाही, ऑइलची बिलं बघून कळते. चालवताना वेग घेण्याच्या क्षणी कर्कश शिट्टी येत असेल किंवा टर्बोच्या पाइपात ऑइल साचलं असेल तर सावध व्हावं.

दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही. गर्दीत मुंगीच्या गतीनं चालवा, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना धक्का बसतो का बघा, चढावर थांबवून रिव्हर्स घ्या. याची मोठी दुरुस्ती लाखाच्या वर जाऊ शकते, म्हणजे गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा.

वेगवान गाडी तरुण हातांतून जाते आणि तरुण हातांना ती आणखी वेगवान करायची हौस असते. संगणकातली मूळ मांडणी बदलून ताकद वाढवतात, सायलेन्सर बदलतात. मूळ सुटे भाग मालकाकडे आहेत का ते विचारा. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा बदलामुळे विम्याचा दावाही अडकू शकतो. मिस्त्रीकडचा स्कॅनर लावला की इंजिनाच्या संगणकातले दोष दिसतात. ते आदल्या दिवशी पुसले असतील तर काही तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात, तेही लक्षात घ्यावं.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २४१९ असेल तर टायर २०१९च्या चोविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. टायर आतल्या कडेलाच झिजला असेल तर चाकांची ठेवण बिघडलेली आहे. काचांवर बनावटीचं वर्ष असतं. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच निराळी असेल तर का बदलली ते विचारा. दारांच्या फटी सारख्या आहेत का, बोल्टवरचा रंग पान्यानं खरवडला आहे का आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात वळ्या पडल्या आहेत का, यावरून अपघात कळतो.

यादीच्या शेवटी मिस्त्रींनी लाल पेनानं लिहिलं होतं: “वहिनी, गाडीच्या आधी मालक बघा.”

सेक्टरातल्या सोसायटीत

तो मालक भावामुळे भेटला. शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त हवाईदल अधिकारी आपली पोलो काढणार असल्याचं त्याच्या कानावर होतं. सकाळी सातला, धुक्यानं समोरची इमारत दिसत नसताना, आम्ही त्यांच्याकडे गेलो. बॉनेट बर्फासारखं गार होतं.

गाडी राखाडी, फेब्रुवारी २०१५ची, डीएल-९सी म्हणजे द्वारकेच्याच नोंदणीची. डाव्या दारावर लांब ओरखडा होता. “सोसायटीचं फाटक,” ते म्हणाले. “रंगवला नाही, कारण रंगवला की लोक विचारतात काय लपवलं.” पुढच्या काचेच्या कोपऱ्यात सोसायटीच्या पार्किंगची स्टिकरं एकाखाली एक चिकटवलेली होती, दर वर्षाचं एक. दहा वर्षं गाडी एकाच छपराखाली उभी होती याचा तो चालताबोलता दाखला.

मग त्यांनी निळी फाइल उघडली. प्रत्येक ऑइलचं बिल, त्यावर तारीख आणि किलोमीटर. बॅटरी कधी बदलली, ब्रेक कधी, टायर कधी. एक्कावन्न हजार किलोमीटर मीटरवर आणि तेवढेच कागदावर. एका बिलावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डाव्या पुढच्या चाकात खडबडीवर आवाज. बुश बदलले. आवाज गेला.’

पुतण्या गाडी घेऊन तासभर फिरून आला. एसी चालू ठेवून तो मेट्रो स्टेशनच्या गर्दीत रांगला आणि मग मोकळ्या रस्त्यावर जरा पळवली. त्याच्या मिस्त्रीनं दिल्लीतल्या ओळखीच्या एका माणसाला स्कॅनर घेऊन पाठवलं होतं. त्याचे दीड हजार रुपये त्या दिवशीचा सगळ्यात चांगला खर्च ठरला. त्यानं सांगितलं, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत आणि इंजिनाचा एक माउंट दमलाय. बाकी ठीक.

“विकताय का?” मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “डोळ्यांचं ऑपरेशन झालं. रात्री चालवता येत नाही. आणि २०३० साली ती इथं पंधरा वर्षांची होईल. त्यानंतर तिला भंगारात जाताना बघण्यापेक्षा तुमच्याकडे चालताना ऐकणं बरं.” त्यांच्या पत्नी चहा देता देता म्हणाल्या, “माझ्यापेक्षा जास्त औषधं यांनी गाडीला वेळेवर दिलीत.”

तीन लाख साठ हजार सांगितले होते. ब्रेक आणि माउंटचा खर्च धरून तीन पंचेचाळीसला ठरलं. दलालाच्या गाडीपेक्षा पंचावन्न हजार जास्त. पुतण्यानं एकदाही कुरकुर केली नाही.

कागद पक्के, तर गाडी आपली

परराज्यातली गाडी घेताना अर्धं काम कागदाचं. आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी बघावं. थकलेले ई-चलान वेगळे तपासावेत. चलान थकले तर पुढचं काम अडतं. बँकेचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बोजा उतरलाय का ते पाहावं. चासी नंबर गाडीवर आणि कागदावर अक्षर न अक्षर जुळवावा.

दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, सगळ्यात महत्त्वाचा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. पैसे हातात पडल्यावर मालक फोन उचलेनासा झाला तर तुम्ही काय करणार? म्हणून काही रक्कम एनओसी हातात येईपर्यंत राखून ठेवावी आणि तसं कागदावर लिहून घ्यावं. आम्ही पंचवीस हजार राखले. साहेबांनी स्वतःच तसं सुचवलं.

विक्रेत्यानंही गाडी देऊन मोकळं व्हायचं नसतं. नोंदणीवर नाव आहे तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या काळात किती का हातांतून गेलेली असेना, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला आहे. दलालामार्फत व्यवहार होत असेल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं, असा नियम एप्रिल २०२३पासून लागू आहे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो.

आपल्या राज्यात आल्यावर पुन्हा आरटीओ. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही. महाराष्ट्राचा रस्ता कर वयाप्रमाणे नव्यानं भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यासाठी नंतर वेगळा अर्ज करायचा. आमच्या एजंटानं कराचे चाळीसएक हजार धरायला सांगितले होते. त्यात त्याची फी, ब्रेक-माउंट, प्रवास आणि बुडालेलं टोकन मिळवलं तेव्हा गाडी पुण्याच्या भावाच्या अगदी जवळ येऊन बसली. केवळ स्वस्त मिळते म्हणून दिल्लीला जाण्यात अर्थ नाही, हे आम्हाला आकडे मांडल्यावर कळलं. चांगल्या हातची गाडी मिळत असेल तर मात्र चौदाशे किलोमीटर लांब नाहीत.

ती गाडी पुतण्या आणि भाऊ तीन दिवसांत चालवत घेऊन आले, उदयपूरला आणि वडोदऱ्याला मुक्काम करून. निघताना साहेब फाटकापर्यंत आले. त्यांनी पुतण्याच्या हातात निळी फाइल दिली आणि बजावलं, “सुरू केल्यावर मिनिटभर पळवू नकोस. घरी पोचलास की लगेच बंद करू नकोस.” पहारेकऱ्यानं वहीत नोंद केली, गाडी बाहेर. परत आल्याची नोंद करायला ती येणार नव्हती. साहेब तिथंच उभे राहिले.

पुण्यात सासूबाईंनी नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं आणि विचारलं, “प्रसाद?” साहेबांच्या पत्नीनं दिलेला तिळाच्या गजकचा डबा मी पुढे केला. “द्वारकेचाच आहे,” मी म्हटलं. त्यांनी तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला.

फेब्रुवारीत एमएच-१२चा नंबर आला. त्याच आठवड्यात पुतण्यानं पहिलं ऑइल बदललं आणि संध्याकाळी फाइल घेऊन माझ्याकडे आला. बिल लावून त्यानं खाली तारीख आणि किलोमीटर लिहिले. मग फोन काढून त्या पानाचा फोटो द्वारकेला पाठवला.